जामीन मिळाला, पण दाखल्याचे काय?

पुण्याहून भोरला जाताना नसरापूर फाट्यावर रस्ता फुटतो. सरळ पुढे कापूरहोळवरून भोर, आणि उजवीकडे आत वळले की वेल्हे. वेल्हे तालुक्याचे नाव आता राजगड झाले आहे. पण बोलताना आमच्या तोंडी अजून वेल्हेच येते. माझे घर या फाट्याजवळ आणि वकिली भोरच्या न्यायालयात. त्यामुळे दोन्ही खोऱ्यांतली माणसे अडचण आली की माझ्या ओट्यावर येऊन बसतात.

काही वर्षांपूर्वी भाताची लावणी ऐन भरात असताना असेच एक गृहस्थ आले. पायाला चिखल, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत कागद. चहा नको म्हणाले आणि एकदम विचारते झाले, "साहेब, धरायच्या आधीच जामीन मिळतो म्हणत्यात, खरं हाय का?"

मी म्हटले, "आबा, आधी बसा. कोणाला धरणार आहेत?"

मुलाला. मुलगा बारावी होऊन बसला होता. गावात औषधाचे दुकान टाकायचे त्याच्या मनात होते. त्यासाठी औषधनिर्माणशास्त्राची पदविका लागते आणि त्या पदविकेवर नोंदणी व्हावी लागते. कोणा एजंटाने परराज्यातली पदविका मिळवून देतो म्हणून पैसे घेतले. मुलगा त्या कॉलेजात एक दिवसही गेला नव्हता. नोंदणीच्या वेळी कागदपत्रांची पडताळणी झाली, पदविका बनावट निघाली आणि शहरातल्या एका पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल झाला. आरोपींच्या यादीत एजंट होता, कागद पुढे सरकवणारा कर्मचारी होता, आणि आबांचा मुलगाही होता. ओळख पटू नये म्हणून मी तपशील थोडे बदलले आहेत. प्रश्न मात्र खरे आहेत, आणि ते दरवर्षी नव्या माणसांकडून ऐकू येतात.

गावात आबांना सांगितले होते की, "अटकपूर्व झाला म्हणजे केस मिटली." दुसऱ्याने सांगितले होते की, "त्याला पैसेवालेच लागतात." दोन्ही समज चुकीचे आहेत.

अटकपूर्व जामीन हा आपल्याकडे फार जुना नाही. १८९८च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत त्याची तरतूदच नव्हती. आधी अटक, मग जामीन, असाच क्रम होता. १९६९ साली विधी आयोगाने आपल्या ४१व्या अहवालात एक व्यावहारिक गोष्ट मांडली. वजनदार माणसे आपल्या प्रतिस्पर्ध्याला खोट्या गुन्ह्यात गोवतात, चार दिवस कोठडीत बसवतात आणि त्याची अब्रू घालवतात. पुढे तो निर्दोष ठरला तरी ते चार दिवस परत मिळत नाहीत. भावकीचे आणि ग्रामपंचायतीचे राजकारण पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून १९७३च्या नव्या संहितेत कलम ४३८ आले आणि १ एप्रिल १९७४पासून ते लागू झाले. आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, उत्तर प्रदेशाने आपल्या राज्यापुरते हे कलम काढून टाकले. तिथे ते परत यायला २०१९ साल उजाडले. १ जुलै २०२४पासून देशभर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. जुने ४३८ आता तिच्या कलम ४८२ मध्ये आहे.

या कलमाचा अर्थ एवढाच, की अजामीनपात्र गुन्ह्यात आपल्याला अटक होईल असे मानायला सबळ कारण असेल, तर न्यायालयाकडे आधीच अर्ज करता येतो. अर्ज मंजूर झाला तर अटक झाल्यास पोलिसांनी जामिनावर सोडावे असा आदेश मिळतो. गुन्हा दाखल झालाच पाहिजे असे नाही. पण नुसत्या "मला भीती वाटते" या शब्दांवर आदेश मिळत नाही, आणि "यापुढे कोणत्याही गुन्ह्यात अटक करू नये" असा सरसकट आदेश तर नाहीच नाही. एकदा अटक झाली की हा मार्ग बंद. मग नेहमीचा जामीन मागायचा.

आबांना वाटले, भोरचे कोर्ट जवळ आहे, तिथेच काम होईल. तसे होत नाही. हा अधिकार तालुक्याच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांना नाही. तो सत्र न्यायालयाला आणि उच्च न्यायालयाला आहे. म्हणजे आमच्या माणसाने पुण्यात शिवाजीनगर गाठायचे आणि तिथे नकार मिळाला तर मुंबई. ऑगस्ट २०२५मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, पण पुणे जिल्हा त्याच्या कक्षेत नाही. अर्ज केला की न्यायालय सरकारी वकिलांचे आणि तपास अधिकाऱ्याचे म्हणणे मागवते. ते येईपर्यंत योग्य वाटल्यास तात्पुरते संरक्षण देते. अंतिम निर्णय नंतर होतो. तात्पुरते संरक्षण मिळाले म्हणून पेढे वाटणारी माणसे मी पाहिली आहेत आणि पंधरा दिवसांनी त्यांचे उतरलेले चेहरेही पाहिले आहेत.

भ्रष्टाचाराच्या गुन्ह्यात असा जामीन मिळू शकतो का, हा पुढचा प्रश्न. गंमत अशी की या कलमाचा पायाभूत निकालच भ्रष्टाचाराच्या आरोपातून आला. पंजाबचे मंत्री राहिलेले गुरबक्षसिंग सिब्बिया यांच्यावर तसे आरोप होते. तिथल्या उच्च न्यायालयाने अटकपूर्व जामिनावर इतक्या अटी घातल्या, की कलम असून नसल्यासारखे झाले. एप्रिल १९८०मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने त्या अटी दूर केल्या. या पीठाचे प्रमुख होते सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड. आपल्याच जिल्ह्यातल्या, खेड तालुक्यातील कनेरसरच्या घराण्यातले, आणि पुण्याच्या विधी महाविद्यालयात शिकलेले. कायद्याने जे बंधन घातले नाही ते न्यायालयाने आपल्या पदरचे घालू नये, प्रत्येक अर्ज त्याच्या वस्तुस्थितीवर पाहावा, असा त्या निकालाचा आशय आहे. जामिनावर असलेल्या आरोपीने दाखवलेली वस्तू पुरावा म्हणून जप्त करण्यात अडचण येऊ नये, याचाही विचार त्यात आहे. म्हणजे तपास आणि स्वातंत्र्य एकत्र नांदू शकतात, हे त्या पीठाने गृहीत धरले होते.

हा जामीन किती दिवस टिकतो, याचा वाद पुढे चाळीस वर्षे चालला. १९९५ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात तो मर्यादित मुदतीचाच असावा असे सर्वोच्च न्यायालय म्हणाले. २०१०मध्ये अक्कलकोटचे सिद्धराम म्हेत्रे यांच्या प्रकरणात उलट मत आले. अखेर जानेवारी २०२०मध्ये पाच न्यायाधीशांनी निर्णय दिला, की विशेष कारण नसेल तर तो खटला संपेपर्यंत चालू राहू शकतो. दोषारोपपत्र दाखल झाले म्हणून आपोआप संपत नाही. अटी मोडल्या तर मात्र रद्द होतो.

आता परवाने आणि प्रमाणपत्रांच्या प्रकरणांकडे येऊ. ही प्रकरणे महाराष्ट्राला नवी नाहीत. २०१८मध्ये बनावट पदव्युत्तर प्रमाणपत्रे देऊन नोंदणी करून घेतल्याबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेने पन्नासहून अधिक डॉक्टरांवर कारवाई केली. डिसेंबर २०२१मध्ये शिक्षक पात्रता परीक्षेच्या, म्हणजे टीईटीच्या, गैरव्यवहाराच्या आरोपावरून पुणे पोलिसांनी राज्य परीक्षा परिषदेचे तेव्हाचे आयुक्त तुकाराम सुपे यांना अटक केली. परीक्षेचे काम घेतलेल्या खासगी कंपनीतली माणसेही पकडली गेली. ऑगस्ट २०२२मध्ये परिषदेने ७,८००हून अधिक उमेदवारांवर कारवाई केली आणि त्यांना पुढच्या परीक्षांना मनाई केली. खेडोपाड्यांतल्या शाळांत त्या वेळी कोण कोण गप्प झाले, हे आमच्याकडच्या मुख्याध्यापकांना विचारा.

अशा प्रत्येक प्रकरणात तीन प्रकारची माणसे असतात: सही-शिक्का ज्याच्या हाती आहे तो, मधला दलाल, आणि कागद विकत घेणारा. गुन्हा एकच असला तरी अटकपूर्व जामिनाचा विचार तिघांसाठी एकसारखा होत नाही. कारण न्यायालयापुढे त्या वेळी "हा दोषी आहे का?" हा प्रश्नच नसतो. प्रश्न असतो, "याला कोठडीत घेतल्याशिवाय तपास होणार नाही का?"

अधिकाऱ्याच्या बाबतीत सरकारी वकील विचारतात: दप्तर अजून याच्या ताब्यात आहे का? हाताखालचे कारकून साक्षीदार असतील तर ते याच्यासमोर बोलतील का? किती खोट्या नोंदी झाल्या, पैसा कुठे गेला? दलालाच्या बाबतीत प्रश्न वेगळे असतात: शिक्के कुठे बनले, छपाई कुठे झाली, आणखी गिऱ्हाइके किती? ही माहिती समोर बसवून विचारल्याशिवाय निघत नाही, असे पोलिसांचे म्हणणे असते आणि ते पुष्कळदा खरे असते. कागद विकत घेणाऱ्याने मूळ कागद स्वतः जमा केला, पैसे कसे दिले ते सांगितले, घर-दार इथेच आहे, तर त्याला डांबून काय मिळणार, असा प्रश्न वकील करू शकतो. "सगळा पुरावा कागदोपत्रीच आहे" हे वाक्य मात्र जपून वापरावे. कागद पोलिसांच्या हातात असेल तर ते वाक्य उपयोगाचे. कागद आरोपीच्याच कपाटात असेल तर तेच वाक्य अंगाशी येते.

याच प्रश्नावर न्यायालयांचीही मते वेगळी होऊ शकतात. पुण्यात नेमणुकीवर असताना चर्चेत आलेल्या प्रशिक्षणार्थी अधिकारी पूजा खेडकर यांचे प्रकरण सर्वांना आठवत असेल. नागरी सेवा परीक्षेसाठी ओबीसी आणि दिव्यांग सवलती गैरमार्गाने घेतल्याचा त्यांच्यावर आरोप आहे. तो त्यांनी नाकारला आहे. ऑगस्ट २०२४मध्ये दिल्लीच्या सत्र न्यायालयाने त्यांचा अटकपूर्व जामीन फेटाळला. डिसेंबरमध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही फेटाळला. यामागे मोठा कट आहे का, हे शोधायला चौकशी हवी असे त्या न्यायालयाला वाटले. २१ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो मंजूर केला आणि तपासाला पूर्ण सहकार्य करण्याची अट घातली. कागद तेच, माणूस तोच, पण कोठडी लागेलच का याचे उत्तर निराळे आले. हा विवेकाचा अधिकार आहे. त्याची आधी हमी कोणी देऊ शकत नाही. देणारा भेटला तर त्याच्यापासून दूर राहावे.

आणि आता ज्यासाठी मी हे सगळे सांगतो आहे ती गोष्ट. वर सांगितलेल्या प्रकरणात जामीन मिळण्याच्या कितीतरी आधी, ३१ जुलै २०२४ रोजी, लोकसेवा आयोगाने उमेदवारी रद्द केली होती आणि सप्टेंबरात केंद्र सरकारने सेवेतून मुक्त केले होते. जामिनाने त्यात काही फरक पडला नाही. दाखल्याची चौकशी आणि अटकेचा प्रश्न हे दोन वेगळे रस्ते आहेत, आमच्या नसरापूर फाट्यासारखे. एकावर पुढे गेलात म्हणून दुसरीकडे पोहोचत नाही.

जातीच्या दाखल्यांबाबत हे आणखी स्पष्ट झाले. महाराष्ट्राचा यासाठीचा कायदा ऑक्टोबर २००१पासून लागू आहे. दाखला अवैध ठरला तर त्यावर मिळालेली नोकरी आणि इतर लाभ काढून घ्यावेत, असे त्यात आहे. तरी वर्षानुवर्षे नोकरी केली म्हणून संरक्षण द्यावे, अशी मागणी होत राहिली. जुलै २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली. लाभ काढून घ्यायला अप्रामाणिक हेतू सिद्ध करण्याचीही गरज नाही, असे म्हटले. तो निकाल लिहिला न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी. वडिलांच्या पीठाने सांगितले, विनाकारण कोणाला कोठडीत टाकू नका. मुलाच्या निकालाने सांगितले, दुसऱ्याच्या हक्काची जागा कोणाला ठेवू देऊ नका. ही दोन्ही वाक्ये माझी आहेत, पण आशय त्या निकालांचा आहे, आणि दोन्ही एकाच वेळी खरे असू शकतात. कागद विकत घेणाऱ्यामुळे जिची जागा गेली ती मुलगी कोर्टात कधी दिसत नाही. ती पाबे घाटातून एसटीने जाऊन-येऊन खरी पदविका करत असते.

मग चौकशीची नोटीस आली तर सामान्य माणसाने करायचे काय? पहिले, पळायचे नाही. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत उठसूट अटक करू नये, आधी नोटीस देऊन बोलवावे, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१४मध्ये बजावले आहे. ही तरतूद नव्या संहितेत कलम ३५मध्ये आहे. नोटिशीप्रमाणे हजर राहून सहकार्य केले तर सहसा अटकेची वेळ येत नाही. गैरहजर राहिलात तर पोलिसांना कारण मिळते. दुसरे, कागद फाडायचा किंवा जाळायचा नाही. आबांच्या मुलाला एजंटाचा फोन आला होता, "पदविका जाळून टाक." मी म्हटले, "जाळलीत तर अटकपूर्व जामीन विसरा. पुरावा नष्ट केल्याचा आणखी एक गुन्हा होईल." तिसरे, पहिल्या एजंटाने अडकवले म्हणून सोडवायला दुसरा एजंट धरायचा नाही.

लाच मागितली गेली असेल तर आणखी एक लक्षात ठेवावे. २०१८च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे आणि शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे. नाइलाजाने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले पाहिजे, तरच संरक्षण मिळते. द्यायच्या आधीच लाचलुचपत प्रतिबंधक विभागाच्या १०६४ क्रमांकावर फोन केला तर सगळ्यात उत्तम. हा फोन फुकट आहे आणि अटकपूर्व जामिनाच्या फीपेक्षा नक्कीच स्वस्त आहे.

भोरच्या राजवाड्यावरून जाताना मला नेहमी एक विचार येतो. भोर हे पंतसचिवांचे संस्थान. सचिव म्हणजे सुरनीस. राज्याचे कागद वाचणे, चूक असेल तर दुरुस्त करणे आणि बरोबर असल्याची खूण करणे, हे त्याचे काम. सचिवाची खूण झाल्यावर कागदावर विश्वास ठेवायचा. राजगड समोर दिसतो तिथे राहणाऱ्या माणसांना तीनशे-साडेतीनशे वर्षांपासून माहीत आहे, की राज्य चालते ते कागदावरच्या विश्वासावर. आमच्याकडे वकिलीच्या परवान्याला आजही 'सनद' म्हणतात. माझ्या भिंतीवर लावलेली सनद खरी आहे म्हणूनच आबा माझ्या ओट्यावर आले होते. गावातल्या दुकानात औषध घेणाऱ्या म्हाताऱ्या बाईने ते देणाऱ्याच्या भिंतीवरचा कागद खराच धरायचा असतो. तिच्यापाशी दुसरा उपाय नसतो.

आबांच्या मुलाला सत्र न्यायालयाने अटकपूर्व जामीन दिला. दर सोमवारी पोलीस ठाण्यात हजेरी, मूळ पदविका जमा करणे, पैशांचे व्यवहार उघड करणे, साक्षीदारांना न भेटणे आणि परवानगीशिवाय देशाबाहेर न जाणे अशा अटी होत्या. एजंटाचा अर्ज फेटाळला गेला. मुलगा पहाटेच्या एसटीने पुण्याला जायचा आणि रात्री उशिरा परत यायचा. एकही सोमवार त्याने चुकवला नाही. नोंदणी अर्थातच नाकारली गेली. औषधाच्या दुकानासाठी घेतलेला गाळा आबांनी परत केला. मुलगा शिरवळच्या एका कारखान्यात पाळीवर जाऊ लागला. खटला अजून उभा राहायचा आहे.

मध्यंतरी आबा पुन्हा आले. इंद्रायणी तांदळाची पिशवी ओट्यावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, लोक इचारत्यात, पोरगा सुटला का?"

मी म्हटले, "आबा, पोरगा घरी आहे, एवढंच सांगा. सुटला की नाही, ते अजून ठरायचंय."

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)